पन्नास पौंडांची एक बाजू

‘स्कम’ या इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ साचलेल्या पाण्यावर धरणारा मळकट थर असा आहे. बोलीत तो माणसांना उद्देशून शिवीसारखा वापरतात. नापाम डेथ या इंग्रज बँडची याच नावाची पहिली तबकडी जुलै १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २८ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून सुमारे ३३ मिनिटांत संपतात. ‘ग्राइंडकोर’ या संगीतप्रकाराचा उगम म्हणून तिची नोंद होते, आणि तिच्यावरचे बहुतेक लिखाण तिच्या वेगापाशी सुरू होऊन वेगापाशीच थांबते. वेगाविषयी बोलणे सोयीचे असते, कारण तो मोजता येतो. मला या तबकडीने उभा केलेला दुसरा एक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येणारा आहे. पूर्ण वाक्ये लिहायची, त्यांत स्पष्ट राजकीय विधाने करायची, आणि मग ती वाक्ये कोणालाही ऐकू येणार नाहीत अशा आवाजात म्हणायची, या कृतीचा अर्थ कसा लावायचा?

आधी ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. ‘स्कम’ ही एका बँडची तबकडी आहे असे म्हणणे तसे औपचारिकच आहे. पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच या स्टुडिओत, एका रात्रीत, ५० पौंड खर्चून ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा निक बुलन गात होता आणि बेस वाजवत होता, जस्टिन ब्रॉड्रिकच्या हाती गिटार होती, मिक हॅरिस ड्रम्सवर होता. दुसरी बाजू त्याच स्टुडिओत मे १९८७ मध्ये झाली. तोवर बुलन आणि ब्रॉड्रिक दोघेही बाहेर पडले होते. गायनाला ली डोरियन, गिटारला बिल स्टीअर, बेसला जिम व्हाइटली अशी नवी मंडळी आली होती. दोन्ही बाजूंना समान असलेला वादक एकटा हॅरिस. तबकडी उलटली की बँड बदलतो!

मी इथे मुख्यतः पहिल्या बाजूविषयी लिहिणार आहे. त्या रात्री स्टुडिओत गेलेल्या तिघांशी कोणत्याही कंपनीने करार केलेला नव्हता. जे मुद्रित झाले ते स्वतंत्र तबकडी म्हणून कल्पिलेलेही नव्हते; अ‍ॅटाव्हिस्टिक या दुसऱ्या हार्डकोर बँडबरोबर वाटून घ्यायच्या तबकडीचा तो अर्धा भाग होता. ती योजना बारगळली आणि बारा गाण्यांची ती बाजू काही काळ अधांतरी राहिली. ब्रॉड्रिक तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होता, बुलन त्याहून थोडा मोठा.

बँडची सुरुवात मात्र त्याआधी पाच वर्षांची. १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन या खेड्यात बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी तो काढला. मेरिडन हा इंग्लंडचा मध्यबिंदू आहे अशी जुनी समजूत आहे. पण सत्तरच्या दशकात हे नाव देशभर गाजले ते वेगळ्या कारणाने. तिथला ट्रायम्फ मोटारसायकलींचा कारखाना बंद करायचे मालकांनी १९७३ मध्ये ठरवले, तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला; १९७५ पासून त्यांची सहकारी संस्था तो चालवू लागली आणि १९८३ मध्ये तीही बंद पडली. मधल्या काळात, १९८२ च्या आरंभी, ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. मोटारी, सुटे भाग आणि धातुकाम यांवर जगणाऱ्या वेस्ट मिडलंड्सला याची झळ फार बसली. याच शहराने १९७० मध्ये ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी दिली होती, आणि त्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोके १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती, ही कथा मेटलच्या चाहत्यांना पुराणकथेसारखी पाठ असते. कारखान्याने बोटे नेली आणि त्यातून नवा नाद जन्मला, असा तिचा सूर. १९८६ च्या मुलांच्या वाट्याला तोही कारखाना नव्हता.

बुलनची जडणघडण पंकच्या ज्या शाखेत झाली ती अराजकवादी शाखा. एपिंगच्या जंगलाशेजारच्या एका जुन्या घरात राहणारा क्रास हा बँड तिच्या केंद्रस्थानी होता. क्रासच्या तबकड्यांना वेष्टन नसे, घडीचे भित्तिपत्रक असे. ते उलगडत जावे तसतसे गाण्यांचे शब्द, निबंध, कोलाज, पत्ते समोर येत. तबकडी ऐकायची असे आणि वाचायचीही. अप्रसिद्ध बँडांनी पाठवलेल्या घरगुती कॅसेटी निवडून क्रासने ‘बुलशिट डिटेक्टर’ नावाचे तीन संग्रह काढले; त्यांपैकी १९८४ च्या तिसऱ्या संग्रहात नापाम डेथचे एक गाणे आहे. या सगळ्या व्यवहाराचा आधार टपालखाते होते. झेरॉक्सवर काढलेली नियतकालिके, पुन्हा पुन्हा नकलून खरखर वाढलेल्या कॅसेटी, अनोळखी माणसांची लांबलचक पत्रे हे सगळे पाकिटांतून फिरे. तिकिटांवर डिंकाचा हात फिरवून ठेवत, म्हणजे टपालाचा शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा चालवता येई. आपल्याकडच्या चक्रमुद्रित लघुनियतकालिकांचे अंक ज्यांनी हाताळले आहेत त्यांना या कागदांचा वास वेगळा समजावून सांगायला नको.

या परंपरेत शब्दाला मोठी प्रतिष्ठा होती. गाणे म्हणजे विधान, आणि विधानाची जबाबदारी गाणाऱ्यावर. मेटलमध्ये चित्र निराळे होते. तिथे शब्द बहुधा वेशभूषेसारखे येत: नरक, युद्ध, मंत्रतंत्र, तलवारी. त्यांचा अर्थ लागला तर ठीक, न लागला तरी रसभंग होत नसे. हॅरिस बँडमध्ये आला तो या दुसऱ्या जगातले बरेच काही घेऊन. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या सीज या बँडचा ‘ड्रॉप डेड’ हा १९८४ चा डेमो, स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टची जडशीळ, ओढत नेणारी गिटार, असे पुष्कळ काही या मुलांच्या कानांवरून जात होते. स्टोक-ऑन-ट्रेंटचा डिस्चार्ज हा बँड आधीपासून दोन्ही छावण्यांना आपला वाटे. त्याने पंकचे युद्धविरोधी शब्द ठेवून गिटार मेटलइतकी भरड केली होती. वेगाच्या बाजूने हॅरिसने जे वादन रुळवले त्याला ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात. हाताने वाजवायचा स्नेअर आणि पायाने वाजवायचा बेस ड्रम यांचे ठोके त्यात इतक्या झपाट्याने एकाआड एक पडतात की कानाला सुट्या मात्रा जाणवत नाहीत, एक सलग कंप जाणवतो. ‘ग्राइंडकोर’ हे नावही सामान्यतः त्याच्याच खात्यावर मांडले जाते.

सांगायचा मुद्दा असा की, शब्दाविषयी परस्परविरोधी श्रद्धा असलेल्या दोन परंपरा त्या रात्री एका खोलीत होत्या. त्यांतली कोणतीही अजून जिंकलेली नव्हती. पहिल्या बाजूचे सगळे वैशिष्ट्य मला यात दिसते.

पहिलेच गाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे. त्याचे शब्द फक्त दोन ओळींचे. त्याला गाणे म्हणण्यापेक्षा घोषणा म्हणावे: गिटारचा घोंघाट हळूहळू दाटत जातो, त्यावर आवाज येतो, आणि उपाशी देशांच्या संहाराचा आरोप करून थांबतो. भारतीय श्रोत्याला इथे डिसेंबर १९८४ चे भोपाळ आठवल्याशिवाय राहत नाही. गाण्यात त्याचा उल्लेख नाही, पण तिसऱ्या जगाला उद्देशून केलेल्या अशा विधानांना आपल्या कानात आपला पत्ता मिळतोच. त्यानंतर ‘द किल’सारखी अर्ध्या मिनिटाच्याही आत संपणारी गाणी आहेत आणि ‘सीज ऑफ पॉवर’सारखे जवळजवळ चार मिनिटांचे गाणेही आहे. ही बाजू केवळ वेगवान नाही, हे वारंवार विसरले जाते. शीर्षकगीताची सुरुवात ऐकावी. तिथे एक जड, डुलत येणारी चाल बराच वेळ पाय रोवून उभी राहते आणि वेग तिच्यावर नंतर कोसळतो. संथपणा आधी प्रस्थापित झाल्यामुळे वेगाला घटनेचे रूप येते. ब्रॉड्रिकच्या गिटारचे हे देणे आहे. १९८८ मध्ये त्याने गॉडफ्लेश हा बँड काढला आणि तिथे संथपणालाच घर करून दिले, हे पाहता या खुणा अधिक बोलक्या ठरतात.

आता बुलनच्या आवाजाकडे येतो. घशाच्या खालच्या भागातून, खरवडत, धापा टाकत निघणारा हा आवाज आहे. पहिल्या श्रवणात त्यातला क्वचितच एखादा शब्द हाती लागतो. इथे काही समीक्षकांना डाडावादाची आठवण होते. १९१६ मध्ये झुरिकच्या कॅबरे व्होल्तेअरमध्ये हुगो बाल याने कोणत्याच भाषेत नसलेल्या शब्दांच्या कविता म्हटल्या होत्या. युद्धाने आणि वृत्तपत्रांनी भ्रष्ट केलेल्या भाषेचा त्याग, अशी त्यामागची भूमिका होती. ही तुलना मला फसवी वाटते. बालच्या कवितेत छापलेल्या पानावरही अर्थ नव्हता. बुलनच्या पानावर अर्थ आहे, कर्ता-कर्म-क्रियापदासह आहे. कोण कोणाला लुबाडतो, आज्ञाधारकपणा कसा शिकवला जातो, सत्तेपुढे गुडघे कसे टेकवले जातात, हे सगळे तिथे सरळ सांगितलेले आहे. भाषेवरचा विश्वास उडालेल्या माणसाचे हे लिखाण नाही. उलट त्याचा भाषेवर जरा जास्तच विश्वास आहे असे म्हणावे लागते.

आणि तसे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की नुसते कागदावर वाचले तर हे शब्द फिके आहेत. त्यांत प्रतिमा नाहीत, विशिष्ट माणूस नाही, विशिष्ट रस्ता नाही. मेरिडनचा बंद पडलेला कारखाना त्यांत कुठेही दिसत नाही. ‘तुम्ही’, ‘ते’, ‘व्यवस्था’ अशी सर्वनामे आणि अमूर्ते आहेत. पंकच्या शेकडो पत्रकांत सापडावी अशी ही भाषा आहे, आणि तिला कविता म्हणून मिरवणे हा त्या मुलांवरही अन्याय होईल. त्यांनी तसा दावा केला नव्हता.

पण या गाण्यांची संहिता नुसत्या कागदावर नाही आणि नुसत्या आवाजातही नाही. श्रोता शब्दांचा कागद हातात धरून ऐकतो तेव्हा ती पुरी होते. तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडते. घोषणेच्या स्वभावात एक आत्मविश्वास असतो: मी बोलतो आहे म्हणजे मला ऐकले जाणार, असे ती गृहीत धरते. सभेतला वक्ता, भिंतीवर रंगवणारा कार्यकर्ता, दोघांचीही ही श्रद्धा असते. बुलनचा आवाज नेमके हेच गृहीतक काढून घेतो. डोळ्यांना विधान दिसते आणि कानाला ते विधान पोहोचत नाही असे ऐकू येते. बोलण्याचे सारे कष्ट ऐकू येतात, बोललेले मात्र नाही. ज्या पिढीला नोकरी नव्हती आणि जिच्या म्हणण्याला कोठेच किंमत नव्हती, तिच्या स्थितीचे वर्णन त्या शब्दांत नाही. ते शब्द आणि आवाज यांच्यामधल्या फटीत आहे. मुलांनी हे योजून केले असे मी म्हणत नाही. क्रासकडून कागद आला आणि मेटलकडून घसा आला. दोन वारसे एकमेकांना पुरते ओळखत नव्हते म्हणून ही फट पडली.

बाजूच्या शेवटी ‘यू सफर’ आहे. त्याची लांबी १.३१६ सेकंद. जगातले सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेसच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली आणि तेव्हापासून तबकडीपेक्षा ते गाणेच प्रसिद्ध आहे. मुळात तो विनोद होता, असे ब्रॉड्रिकने मुलाखतीत सांगितले आहे. प्रयोगात लोक ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून ओरडत आणि बँड ते पुन्हा पुन्हा वाजवी. विनोद होता हे खरेच. पण कागदावर त्याला चार शब्द आहेत: समोरच्याच्या दुःखाचे एक विधान आणि त्या दुःखाचे कारण विचारणारा एक प्रश्न. कानाला ऐकू येतो तो एकच स्फोट. म्हणजे सबंध बाजूभर जे लांबवून चालले होते ते इथे आकसून एका बिंदूवर आले आहे. प्रश्न विचारला गेला, तो छापलेलाही आहे, आणि तो ऐकायला पुरेसा वेळ मात्र दिलेला नाही. उत्तराला तर जागाच नाही. बाजू तिथे संपते आणि सुई कडेच्या कोऱ्या खोबणीत जाते.

ही बाजू लोकांपर्यंत पोहोचली कशी, त्यातही एक उपरोध आहे. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनने इअरेक ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली ती थॅचर सरकारच्या ‘एंटरप्राइझ अलाउन्स’ योजनेच्या आधारावर. बेकाराने स्वतःचा धंदा काढला तर त्याला वर्षभर आठवड्याला ४० पौंड मिळत. अट अशी की त्याच्यापाशी आधी १,००० पौंड असल्याचे दाखवावे लागे. बेकारांचा आकडा खाली आणायचा आणि उद्योजकतेचा संस्कारही करायचा, असे हे दुहेरी धोरण. त्या धोरणाने उभ्या राहिलेल्या एका संस्थेने आपली तिसरी तबकडी म्हणून जी काढली, तिच्या मुखपृष्ठावर सूट घातलेले कंपनीवाले, भुकेली माणसे आणि कवट्या आहेत! हे रेखाचित्र जेफ वॉकरचे.

दुसऱ्या बाजूत सोळा गाणी आहेत. ती अधिक घट्ट आहेत, अधिक वेगवान आहेत, आणि स्टीअरची गिटार ब्रॉड्रिकच्या मानाने अधिक मेटलकडे झुकलेली आहे. डोरियन त्याआधी कोणत्याच बँडमध्ये गायलेला नव्हता. कॉव्हेंट्रीत कार्यक्रम भरवणे आणि स्वतःचे झेरॉक्स नियतकालिक चालवणे हे त्याचे उद्योग. त्याच्या आवाजात भेदकता आहे, पण बुलनच्या आवाजातली ती झटापट मला तिथे ऐकू येत नाही. न कळणारा आवाज ही आता ठरलेली शैली झालेली आहे. पुढे आलेल्या शेकडो बँडांनी उचलली ती ही दुसरी बाजू. पहिली उचलणे अवघडच होते.

बीबीसी रेडिओ वनवर जॉन पीलने ही गाणी लावली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये बँडला आपल्या कार्यक्रमासाठी मुद्रण करायला बोलावले. बारा गाणी काही मिनिटांत झाली. राष्ट्रीय रेडिओवर, रात्रीच्या वेळी, निवेदकाच्या खेळकर आणि शांत आवाजामागून हा गदारोळ घराघरांत शिरला. पीलला तो मनापासून आवडत असे, यात शंका नाही. पण रेडिओवर कागद नसतो. तिथे उरतो तो नुसता आवाज, आणि नुसत्या आवाजाचे कुतूहल व्हायला वेळ लागत नाही. साप्ताहिकांनी या संगीताचे कौतुक केले त्यातही सर्कशीतल्या प्रयोगाचे कौतुक बरेच होते. १९८८ ची ‘फ्रॉम एन्स्लेव्हमेंट टु ऑब्लिटरेशन’ ही दुसरी तबकडी स्वतंत्र संस्थांच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९८९ मध्ये ‘यू सफर’ एका छोट्या तबकडीच्या एका बाजूवर एकटेच काढण्यात आले. दुसऱ्या बाजूवर इलेक्ट्रो हिपीज या बँडचे तितकेच त्रोटक गाणे होते. एका संग्रहासोबत ती तबकडी फुकट वाटली गेली. विनोद आता वस्तू म्हणून पूर्ण झाला होता.

पुढच्या काळात शब्द आणि आवाज यांचे हे नाते वेगवेगळ्या दिशांनी सुटत गेले. स्टीअर आणि मुखपृष्ठकार वॉकर यांच्या कारकस या बँडने १९८८ मध्ये पहिली तबकडी काढली तेव्हा तिचे शब्द शवविच्छेदनाच्या आणि रोगनिदानाच्या परिभाषेतून घेतलेले होते. तिथेही शब्द ऐकू येत नव्हते, पण कागदावर वाचताना मिळणारा आनंद शब्दकोश चाळण्याचा होता. कोणाला काही पटवायचे नव्हते. त्या तिघांपैकी बुलन आणि हॅरिस १९९१ मध्ये स्कॉर्न या नावाने पुन्हा एकत्र आले, आणि १९९२ च्या त्यांच्या ‘व्हाए सोलिस’ या पहिल्या तबकडीवर ब्रॉड्रिकचीही गिटार आहे. म्हणजे पन्नास पौंडांची बाजू मुद्रित करणारे तिघे सहा वर्षांनी पुन्हा एका तबकडीवर आहेत. संगीत मात्र ओळखू न येण्याइतके संथ झालेले, आणि स्कॉर्नच्या पुढच्या कामात तर गायन अजिबात उरले नाही.

हॅरिस १९९१ मध्ये गेल्यावर नापाम डेथमध्ये ‘स्कम’वरचा एकही वादक राहिला नाही. बँड मात्र चालू राहिला. १९८९ पासून त्यात गाणारा मार्क ग्रीनवे, ज्याला चाहते ‘बार्नी’ म्हणतात, त्याचा घसाही तसाच, एक शब्द कळू न देणारा. पण त्याच्या प्रयोगांना गेलेले लोक एक गोष्ट नेहमी सांगतात. दोन गाण्यांच्या मध्ये तो थांबतो, घाम पुसतो आणि अगदी साध्या, शिक्षकासारख्या आवाजात पुढचे गाणे कशाविषयी आहे ते समजावून देतो. मग ड्रम्स सुरू होतात.